लाख वॅटनंतर अर्धा वॅट

मागच्या अंकात मी टाकाऊ टेलिफोनमधला क्रिस्टल काढून केलेल्या माझ्या अर्ध्या वॅटच्या ट्रान्समीटरबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. संपादकांनी गठ्ठा घरी पाठवला, वर चिठ्ठी : ‘तुम्हीच सुरू केलंत, आता तुम्हीच निस्तरा.’ सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. तोच तोच प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांच्यातलं एकेक पत्र निवडलं आहे.

आधी एक दुरुस्ती. ७ मेगाहर्ट्झच्या डायपोलची, म्हणजे मधोमध जोड असलेल्या दोन बाजूंच्या तारेच्या एरियलची, लांबी मी ‘१० मीटर’ लिहिली होती. ती एका बाजूची झाली. दोन्ही बाजू मिळून वीस मीटरच्या थोडी वर तार लागते. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. चूक माझ्याच कागदावर होती, छापखान्याची नव्हे. नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याचा लगेच फोन आला : ‘मनोऱ्याखाली जन्म गेला आणि तुला तार मोजता येईना?’ त्याच्या गावात १५६६ किलोहर्ट्झवर दहा लाख वॅटचा ट्रान्समीटर होता, तेव्हा त्याला बोलायचा अधिकार आहे.

प्रश्न : मॅडम, तुम्ही नोकरीभर आकाशवाणीचे लाख लाख वॅटचे ट्रान्समीटर सांभाळलेत. आता अर्ध्या वॅटशी खेळताना हसू येत नाही? मीही टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालोय, म्हणून हक्काने विचारतो. (रत्नागिरी)

येतं की हसू. पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही.

ट्रान्समीटर हॉल तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. ब्लोअरचा घोंगाट एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या स्वतःच गुणगुणायच्या. जवळ उभं राहिलं की कुठलं गाणं लागलंय ते स्पीकरशिवाय कळायचं. पावसाळ्यात मनोऱ्याच्या पायथ्याशी गवत माजायचं. एखादं ओलं पातं लोखंडाला टेकलं की ठिणगी पडायची आणि त्या ठिणगीतून चक्क बातम्या ऐकू यायच्या. गवताच्या पात्यातून सातच्या बातम्या ऐकलेली माणसं फार नसतील, त्यातली मी एक. नवीन कुणी रुजू झालं की त्याला फीडरच्या तारांखाली उभं करून हातात ट्यूबलाइट द्यायची. वायर नाही, काही नाही, नळी आपली उजळलेली. मग त्याने कुठे हात लावायचा नाही हे वेगळं शिकवावं लागत नसे.

पण एवढ्या वर्षांत मी ट्रान्समीटर फक्त चालवला. दर तासाला मीटर वाचायचे, लॉगबुकात आकडे भरायचे, व्हॉल्व्ह गेला की अर्थिंग रॉड लावून, इंटरलॉक तपासून तो बदलायचा. सर्किट कुणीतरी कधीच आखून ठेवलेलं. माझ्या हाताने शून्यातून एकही वॅट निघाला नव्हता. तो निघाला एकसष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

सामान एवढंच होतं. बटणांच्या जुन्या टेलिफोनमध्ये ३.५७९५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. नंबर दाबल्यावर येणारे सूर त्यावरून तयार होतात. योगायोगाने ही फ्रिक्वेन्सी हौशी रेडिओवाल्यांच्या ८० मीटर पट्ट्यात येते. एक धातूच्या टोपीचा २एन२२२२ ट्रान्झिस्टर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. दुकानदाराने ‘एकच?’ असं अशा काही स्वरात विचारलं की मी दहा घेतले. ते बरंच झालं, कारण तीन जाळले. औषधाच्या रिकाम्या बाटलीवर कॉइल गुंडाळली, जुन्या रेडिओतला गँग कपॅसिटर लावला आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याला दोन पितळी खिळे ठोकून मोर्सची की केली. बारा व्होल्टची बॅटरी. आउटपुटला टॉर्चचा बल्ब लावून की दाबली, आणि बल्बची तार लालसर झाली.

लाख वॅटचा कॅरिअर चढताना मी शेकडो वेळा पाहिला असेल. त्या बल्बइतकी कधी हरखले नव्हते.

आता हसण्याचं कारण. त्याच रात्री अधीर होऊन एरियल लावली. वरच्या नको असलेल्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर उद्या करू म्हटलं. अर्धा वॅट तो काय, कुणाला त्रास देणार! माझी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, पाच-सहा वेळा पाठवली. उत्तर नाही. पुन्हा पाठवली. शेवटी झोपले. सकाळी बेळगावच्या एका हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, निरोप : तुम्ही ७१५९ किलोहर्ट्झवर ऐकू आलात, सिग्नल बारीक पण स्वच्छ.

३५७९.५ ची दुप्पट करून बघा. ७१५९. मी पाठवत होते एका पट्ट्यावर आणि पहिला माणूस भेटला माझ्या दुसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ लहरीबरोबर नकळत निघणाऱ्या दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या लहरीवर! नोकरीत हार्मोनिक मोजून त्याचे अहवाल लिहिण्यात माझी कित्येक वर्षं गेली. दुसऱ्या केंद्राचा हार्मोनिक सापडला की मी कडक भाषेत पत्र लिहायची. आणि स्वतःच्या पहिल्याच रात्री फिल्टर उद्यावर ढकलला. नशीब एवढंच की ही दुप्पट फ्रिक्वेन्सीही हौशी पट्ट्यातच पडली. तशी ती पडली नसती तर हसण्यावारी गेलं नसतं. त्या दिवशी चहाच्या आधी फिल्टर बसवला.

पोचतं कसं, हेही तुम्ही विचारलं आहे. लाख वॅट आणि अर्धा वॅट यांत दोन लाख पटींचा फरक आहे, म्हणजे ५३ डेसिबल. पण विद्युतक्षेत्र पॉवरच्या वर्गमुळाने बदलतं. त्याच एरियलवरून माझा सिग्नल दोन लाख पटींनी नाही, साडेचारशे पटींनी क्षीण होतो. मध्यम लहरींवर लाख वॅट का लागतात? कारण ऐकणारीचा रेडिओ फडताळात, शेजारी मिक्सर चालू, आत बोटभर फेराइटची कांडी. तिला कान न देता ऐकू आलं पाहिजे. शिवाय गाण्याला सात-आठ किलोहर्ट्झ रुंद जागा लागते. दार जेवढं उघडं, तेवढी धूळ आत. मोर्स ऐकणारा हॅम दार चारशे-पाचशे हर्ट्झइतकंच किलकिलं करतो, हेडफोन लावतो, डोळे मिटतो. माझ्याकडचे उरलेले डेसिबल तो देतो. फिल्टर लावल्यानंतरच्या आठवड्यात हैदराबाद मिळालं, पुण्याहून पाचशे किलोमीटर. पलीकडचा माणूस माझी कॉलसाइन चौथ्या खेपेला पुरी करू शकला, पण केली.

हैदराबादचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथल्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचा सहाएक वॅटचा आवाजी ट्रान्सीव्हर (एकाच डब्यात पाठवणं आणि ऐकणं) आखला आणि आराखडा सगळ्यांना खुला केला. आयात केलेल्या फेराइटच्या कड्या मिळत नाहीत म्हणून त्यांनी कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते. जगभर लोकांनी तो बांधला. मोर्सची भीती वाटत असेल तर तुम्ही तिथून सुरुवात करा.

प्रश्न : ताई, आईचं वय ८४. घरात १९६० च्या आसपासचा मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, तोच तिला हवा. मोबाइलला हात लावत नाही. आता त्यावर खरखरीशिवाय काही येत नाही. मोबाइलमधली जुनी भावगीतं त्या रेडिओवर लागतील असा छोटा ट्रान्समीटर कसा करायचा? (कराड)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ट्रान्समीटर करू नका. आधी रेडिओ भिंतीपासून ओढून त्याची पाठ बघा.

त्या काळच्या बहुतेक चांगल्या सेटना मागे दोन छिद्रांचं सॉकेट असायचं. शेजारी ‘पीयू’ अशी अक्षरं किंवा ग्रामोफोनच्या तबकडीचं चित्र. रेकॉर्ड प्लेअरच्या पिकअपसाठी ते दिलेलं असे. पुढचं बटण तबकडीच्या खुणेवर फिरवलं की रेडिओचा भाग बाजूला पडतो आणि सॉकेटमधला आवाज थेट व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला जातो. म्हणजे मोबाइलचा आवाज त्याच स्पीकरमधून, त्याच गोल, जाड, कापडामागून येणाऱ्या सुरात. आईंना फरक कळणार नाही. कळलाच तर जाहिराती नाहीत म्हणून कळेल. मोबाइलच्या डाव्या-उजव्या दोन्ही तारांत एकेक हजार ओहमचा रेझिस्टर घालून त्या पुढे एकत्र जोडा. सरळ एकमेकींना जोडू नका.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, त्याआधी सेट ‘एसी’ आहे की ‘एसी-डीसी’ ते पाहिल्याशिवाय त्याला मोबाइलच काय, बोटही लावायचं नाही. पूर्वी काही गावांत डीसी वीज होती, म्हणून दोन्हींवर चालणारे सेट निघाले. त्यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. भिंतीतली एक तार सरळ चासिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. प्लगच्या पिना उलट गेल्या की अख्ख्या चासिसवर २३० व्होल्ट, आणि पिकअपच्या सॉकेटमधून ते तुमच्या मोबाइलवर आणि हातात. ओळखायचं कसं? व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईसीएच८१, ईएल८४ अशी ‘ई’ने सुरू होणारी नावं असतील तर आत बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएच८१, यूएल८४ अशी ‘यू’ने सुरू होणारी असतील तर चासिस जिवंत आहे असंच समजायचं. अशा सेटच्या बटणांत बारीक स्क्रू असतो. कारखान्यात त्यावर मेण भरत, कारण तो स्क्रूसुद्धा आतल्या दांड्यामार्फत चासिसलाच पोचतो. साठ वर्षांत ते मेण गळून गेलेलं असतं. आई बटण फिरवतात तेव्हा त्यांचं बोट कुठे टेकतं ते आजच बघा, आणि तोवर प्लग काढून ठेवा.

‘यू’चा सेट निघाला तर एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याखेरीज त्याला बाहेरचं काही जोडू नये. हे काम जुन्या मेकॅनिककडूनच करून घ्या. व्हॉल्व्हची सवय असलेली माणसं आता कमी उरलीत, पण कराड-साताऱ्याकडे एखादा नक्की सापडेल. तो सेट आधी सिरीज बल्बवर लावतो का ते पाहा. १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून सेट चालू करायचा. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचं. असं न करता थेट प्लग खुपसणाऱ्याच्या हातून सेट परत आणा. आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा जुना कागदी कपॅसिटर तपासत न बसता बदलायला सांगा. तो गळत असतो, आणि गळला की व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही खातो.

पिकअपचं सॉकेटच नसेल तर? दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सिग्नल जनरेटर असतो. त्याची तार सेटच्या एरियलच्या तारेभोवती दोन-तीन वेढे गुंडाळून, बाहेरचा आवाज आत देऊन, डायलवर ऐकता येतो. मेकॅनिक लोक सेट जुळवताना हेच करतात. त्यात एरियल नाही, वेढ्यांपुरतंच काम. शेजारच्या खोलीत ट्रान्झिस्टर घेऊन जा. तिथे ऐकू आलं तर पॉवर जास्त झाली, कमी करा. डायलवर ९१० पाशी मात्र लावू नका. या सेटची मधली फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ, तिची दुप्पट ९१०, तिथे शिट्टी वाजते. पुण्याचं ७९२ ही सोडा. संध्याकाळी ते अजूनही तुमच्याकडे लागत असेल, आणि आईंना कधीतरी खरी आकाशवाणी ऐकावीशी वाटेल.

प्रश्न : आजी, मी दहावीत आहे. १८० रुपयांचं एफएम ट्रान्समीटरचं किट आणलं. गणपतीत आमच्या मंडळाची आरती गल्लीत सगळ्यांच्या रेडिओवर लावायची आहे. रेंज कशी वाढवू? (कोल्हापूर)

वाढवायची नाही, लेका.

तुझं किट मला न बघताच माहीत आहे. एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, पाच वेढ्यांची कॉइल, एक ट्रिमर, एक कंडेन्सर माइक, नऊ व्होल्टची बॅटरी. बरोबर? त्यात क्रिस्टल नाही. म्हणजे फ्रिक्वेन्सी कुठेही बांधलेली नाही. हात जवळ नेलास की सरकते, बॅटरी उतरली की सरकते, मांडवात गरम झालं की सरकते. आज ९८ वर लावलेलं तासाभराने कुठे असेल ते तुला सांगता येणार नाही. एफएमचा पट्टा १०८ ला संपतो आणि १०८ पासून विमानांचा सुरू होतो. धावपट्टीची मधली रेषा वैमानिकाला दाखवणारा लोकलायझर १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या मध्ये असतो. उजळाईवाडीचं विमानतळ तुझ्या गल्लीपासून किती लांब आहे?

कायदा तर आहेच. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा बिनतारी कायदा, आता २०२३ चा दूरसंचार कायदा. नाव बदललं, गाभा तोच : परवान्याशिवाय प्रक्षेपण करायचं नाही. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने पन्नासेक रुपयांत एफएम ट्रान्समीटर केला होता. बांबूवर एरियल, आजूबाजूची गावं ऐकायची, लोक गाण्यांच्या फर्माइशी द्यायचे. त्याला परवाना लागतो हेच ठाऊक नव्हतं. २००६ मध्ये बातमी झाली आणि सरकारने ते बंद केलं. माझ्यातल्या सरकारी माणसाला ते बरोबर वाटलं. उरलेल्या माणसाला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्याच वर्षी सामुदायिक रेडिओचं धोरण संस्थांना खुलं झालं. १०० वॅटपर्यंत, तीस मीटरपर्यंतचा मनोरा. परवाना व्यक्तीला किंवा मंडळाला मिळत नाही, नोंदणी झालेल्या संस्थेला मिळतो. म्हसवडला माणदेशी तरंग ९०.४ वर २००८ पासून त्याच वाटेने चालू आहे. कधी गेलास तर आत बसून बघ.

आणि तू स्वतः? बारा वर्षं पूर्ण झाली की हॅमची परीक्षा देता येते. तू तीन वर्षं उशीरच केलास. दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा परवाना देते. खालच्या वर्गाला मोर्स लागत नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम, एवढेच विषय. वरच्या वर्गाला मोर्स लागतो, मिनिटाला आठ शब्द. मी एकसष्टाव्या वर्षी शिकले. तुला तीन आठवडे पुरतील. तोवर रिसिव्हर बांध. आमच्या लहानपणी रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवान्याचं पुस्तक आणावं लागायचं. ते केव्हाच गेलं, ऐकायला आता कुणाला विचारावं लागत नाही. किटमधली कॉइल आणि ट्रिमर त्यातच कामी येईल. आणि आरती? मांडवात म्हण, मोठ्याने. गल्ली ऐकेल.

प्रश्न : तुमच्या लेखाप्रमाणे ट्रान्समीटर केला. डमी लोड (चाचणीसाठी एरियलच्या जागी लावायचा रेझिस्टर) म्हणून १० वॅटचा ४७ ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर लावला. पॉवर रोज वेगळी दिसते, ट्रान्झिस्टर मात्र भाजतो. (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

सिमेंटचा रेझिस्टर फोड आणि आत बघ. तार गुंडाळलेली आहे. म्हणजे तू ५० ओहम लावले नाहीस, कॉइल लावलीस. कार्बन किंवा मेटल फिल्मचे १०० ओहमचे दोन, समांतर. काम झालं. त्यांच्यावर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोज. ०.६ मिळव, वर्ग कर, १०० ने भाग. मीटरवर ६.५ आलं तर ७.१ चा वर्ग साधारण ५०, म्हणजे अर्धा वॅट. भाजलेला ट्रान्झिस्टर बदल, तो आतून अर्धा गेलेला असतो.

प्रश्न : ताई, सोसायटीने गच्चीवर एरियलला साफ नकार दिला. चौथा मजला, एक बाल्कनी. परवाना नुकताच हातात आलाय. आता काय, शोभेला ठेवू? (शिक्षिका, ठाणे)

तुमच्या सेक्रेटरींशी भांडू नका. मी माझ्याशी भांडले, सहा महिने गेले, पदरात काही पडलं नाही. कॉइलला वापरतात ती एनॅमलची बारीक तांब्याची तार आणा, लांबून दिसतही नाही. १४ मेगाहर्ट्झला दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर. बाल्कनीत सरळ मावणार नाही, म्हणून टोकं खाली किंवा बाजूला वळवा. ग्रिलला तार टेकू देऊ नका, आणि मुलांचा हात टोकांना लागेल अशी सोडू नका.

मग डब्ल्यूएसपीआर ही संगणकाने क्षीण सिग्नल पाठवायची-ऐकायची पद्धत वापरून पाहा. आम्ही सगळे तिला ‘व्हिस्पर’ म्हणतो. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर स्वतः हॅम, त्यांनीच ती २००८ मध्ये आणली. सम मिनिटाला सुरू होऊन जवळजवळ दोन मिनिटं एक संथ सूर जातो, रुंदी फक्त सहा हर्ट्झ. त्यात तुमची कॉलसाइन, गावाचा चौकोन (हॅम लोकांच्या नकाशावरच्या चौकटीचा संकेत) आणि पॉवर, एवढंच. पुण्याचा चौकोन एमके६८. जगभर संगणक ऐकत बसलेले असतात आणि कुणाला ऐकू आलं ते नकाशावर दिसतं. कानाला काहीच ऐकू येत नाही तेव्हाही संगणकाला ऐकू येतं. मात्र तुमच्या संगणकाचं घड्याळ सेकंदाला चोख हवं. माझं दोन सेकंद पुढे होतं, पहिली संध्याकाळ फुकट गेली.

एका पहाटे २०० मिलिवॅट लावून मी दळण आणायला गेले. परत आले तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ऐकलेलं होतं. गच्चीवरून नाही हो, खिडकीच्या गजाबाहेर सोडलेल्या तारेवरून. ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, पीठ जाड आलंय.

प्रश्न : तुम्ही हवेत केव्हा असता? (सहा पत्रांत)

रविवारी सकाळी साडेनऊपासून, ७०३० किलोहर्ट्झच्या आसपास, मोर्समध्ये. अर्धा वॅट, तेव्हा हेडफोन लावा. हळू पाठवलंत तरी चालेल, माझाही वेग आठ शब्दांच्या फार वर गेलेला नाही. पहिल्या खेपेला उत्तर आलं नाही तर थांबा, बहुधा दुधाची पिशवी घ्यायला उठलेली असेन.